श्वासाची मोजदाद : परिचारिका, संशोधन आणि यंत्रे

आपल्या समाजातील बहुतेक धर्मादाय संस्थांत आज रुग्णोपयोगी साहित्याचा एक विभाग असतो. कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची, पाण्याची गादी, उंच-सखल करता येणारी खाट असे साहित्य नाममात्र अनामत घेऊन गरजूंना दिले जाते. २०२० नंतर या यादीत दोन वस्तूंची भर पडली. एक, बोटाला चिमट्यासारखा लावावयाचा ऑक्सिमीटर आणि दुसरी, हवेतून प्राणवायू वेगळा काढणारा कॉन्सन्ट्रेटर. कोरोनाच्या काळात या वस्तूंसाठी रात्री-अपरात्री विश्वस्तांचे दूरध्वनी खणखणत असत, हे आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. आता त्या वस्तू कपाटात ठेवलेल्या दिसतात, आणि अधूनमधून दम्याच्या किंवा फुप्फुसाच्या जुनाट विकाराच्या एखाद्या वृद्ध रुग्णासाठी बाहेर काढल्या जातात. त्यांच्यामागे एक दीर्घ इतिहास आहे. तो डॉक्टरांचा आहे, अभियंत्यांचा आहे, तसाच तो रुग्णाच्या उशाशी रात्रभर उभ्या राहणाऱ्या परिचारिकांचाही आहे. या तिसऱ्या घटकाविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून प्रस्तुत लेखाचा प्रपंच.

श्वास हा शरीराचा मोठा विलक्षण व्यापार आहे. तो झोपेतही आपोआप चालतो, आणि मनात आणले तर काही काळ थांबवताही येतो. हृदयाचे तसे नाही. या एका वैशिष्ट्यामुळे श्वास मोजणे वाटते तितके सोपे राहत नाही. आपला श्वास कोणी मोजत आहे असे रुग्णाला कळले की त्याची गती बदलते. म्हणून अनुभवी परिचारिका नाडीवर बोटे ठेवतात, नाडी मोजून झाल्यावरही हात तसाच ठेवतात आणि छातीच्या हालचालीकडे पाहत मनातल्या मनात श्वास मोजतात. रुग्णाला वाटते, अजून नाडीच चालली आहे. निरोगी प्रौढ माणसाचा श्वास विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा होतो. तो २५ च्या वर गेला तर ती धोक्याची सूचना समजावी, असे आजचे शास्त्र सांगते.

मोजण्याची ही कल्पना तशी जुनी आहे. इंग्लंडमधील लिचफील्ड या गावचे वैद्य सर जॉन फ्लॉयर यांना स्वतःलाच दमा होता. त्यांनी १६९८ मध्ये दम्यावर ग्रंथ लिहिला आणि १७०७ मध्ये बरोबर एक मिनिट चालणाऱ्या खास घड्याळाच्या साहाय्याने नाडी मोजण्याची पद्धत मांडली. पुढे १८४६ मध्ये जॉन हचिन्सन यांनी आपल्या स्पायरोमीटर या यंत्राने २,१३० माणसांच्या फुप्फुसांची क्षमता मोजून प्रसिद्ध केली. उंची वाढते तशी ही क्षमता वाढते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिले. दवाखान्यात नळीत फुंकर मारून जी तपासणी होते, तिचे मूळ तेथे आहे.

परंतु रुग्णाच्या खाटेजवळ आकडा आणि निरीक्षण यांचा संगम घडवला तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. हातात दिवा घेतलेली करुणामूर्ती हे त्यांचे चित्र आपण शालेय पुस्तकात पाहिले आहे. त्या हाडाच्या संख्याशास्त्रज्ञ होत्या ही गोष्ट मात्र अनेकांना ठाऊक नसते. सैनिक लढाईतील जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मरतात, हे त्यांनी १८५८ मध्ये रंगीत वर्तुळाकृती आलेखांनी सरकारपुढे मांडले, आणि त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. शुश्रूषेवरील त्यांचे छोटेखानी पुस्तक १८५९ चे. त्यात पहिल्या प्रकरणाचा मान औषधांना नाही, हवेला आहे. रुग्ण घेतो ती हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध राहिली पाहिजे, मात्र त्याला गारठा लागू नये, ही त्यांच्या दृष्टीने परिचारिकेची आद्य जबाबदारी होती. हिंदुस्थानातील आरोग्यस्थितीचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा संबंध आला, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची नोंद होय. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये प्रशिक्षणास आलेल्या काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून घेतले जाते. त्या काळी कुलीन घरातील स्त्रीने परक्या रुग्णाच्या अंगाला हात लावणे समाजाला मान्य नव्हते. तेव्हा त्यांच्या धैर्याची कल्पना वाचकांनीच करावी.

विसाव्या शतकात श्वासावर मोठे संकट आले ते पोलिओच्या रूपाने. हा विषाणू मज्जारज्जूवर आघात करतो. पाय लुळे पडलेली मुले आपल्या पिढीने पाहिली आहेत. पण काही रुग्णांत छातीचे आणि घशाचे स्नायूच निकामी होत. माणूस शुद्धीवर, बुद्धी शाबूत, आणि श्वास मात्र घेता येत नाही, अशी ती भयंकर अवस्था असे. १९२८ मध्ये हार्वर्डचे फिलिप ड्रिंकर आणि लुई अगासी शॉ यांनी यावर उपाय म्हणून लोखंडी फुप्फुस तयार केले. रुग्णाला मानेपर्यंत एका मोठ्या पिंपात निजवायचे आणि पिंपातील हवेचा दाब आळीपाळीने कमी-जास्त करायचा, म्हणजे छाती आपोआप फुगते व बसते. या पिंपाला बाजूने झरोके असत. त्यांतून हात घालून परिचारिका रुग्णाला पुसत, कूस बदलत, मलमूत्राची व्यवस्था पाहत. यंत्र श्वास देई. बाकीचा सगळा माणूस परिचारिकेने सांभाळायचा असे.

आता १९५२ सालाकडे येऊ. या एका वर्षाचा इतिहास थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे.

त्या वर्षीच्या जुलैपासून डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ पसरली. तेथील ब्लेग्डम रुग्णालयात काही महिन्यांत सुमारे २,७०० रुग्ण आले. त्यांपैकी ३१६ जणांना श्वासासाठी मदतीची गरज होती. आणि रुग्णालयात लोखंडी फुप्फुस होते अवघे एक! त्याशिवाय छातीवर बांधायची सहा लहान यंत्रे होती, पण ती घसा लुळा पडलेल्या रुग्णांना उपयोगी पडत नव्हती, कारण त्यांची लाळ व कफ श्वासनलिकेत उतरे. श्वसनाचा लकवा झालेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांच्या आत दगावले. त्यांत बरीच मुले होती.

प्रमुख वैद्य लासेन यांनी अखेर एका तरुण भूलतज्ज्ञाला पाचारण केले. त्यांचे नाव ब्योर्न इब्सेन. त्या काळी भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहाबाहेर येऊन रुग्णावर उपचार करणे ही कल्पनाच नवी होती. इब्सेन यांनी मृतांचे शवविच्छेदन अहवाल पाहिले आणि रक्ततपासणीच्या नोंदी पाहिल्या. मृत्यूपूर्वी रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण फार वाढलेले होते. त्या आकड्याचा अर्थ तोपर्यंत असा लावला जात होता की रक्त अल्कधर्मी झाले आहे. इब्सेन म्हणाले, अर्थ अगदी उलट आहे. रुग्णाला श्वास बाहेर टाकता येत नाही म्हणून हा वायू साठत आहे आणि तोच त्याचा प्राण घेत आहे. म्हणजे आकडा बरोबर होता, वाचन चुकले होते. या लेखाच्या पुढील भागात या गोष्टीची आठवण पुन्हा होईल.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर प्रयोग झाला. चारही हातपाय लुळे, अंगात ताप, त्वचा निळसर पडलेली. तिच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवण्यात आली. नळीतून हवा आत जाईना. मुलगी तडफडू लागली. जमलेले डॉक्टर आशा सोडून दूर झाले असे सांगतात. इब्सेन यांनी तिला भुलीचे औषध दिले, तिची धडपड थांबली, आणि मग रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसात हवा भरता येऊ लागली. काही वेळात तिचा रंग पालटला. ती वाचली.

परंतु खरा प्रश्न पुढेच होता. पिशवी दाबायची कोणी? रुग्ण एक नव्हता; साथीच्या ऐन भरात एकाच वेळी ७० रुग्णांना कृत्रिम श्वास द्यावा लागत होता, तोही दिवसरात्र आणि आठवडेच्या आठवडे. तेव्हा विद्यापीठातील वैद्यक व दंतवैद्यक शाखेच्या सुमारे १,५०० विद्यार्थ्यांना बोलावण्यात आले. पाळ्या लावून त्यांनी मिळून अदमासे १,६५,००० तास हाताने पिशव्या दाबल्या. परिचारिका त्यांच्या शेजारी नळीतील कफ ओढून काढीत, रुग्णाची कूस बदलीत, रंग व नाडी पाहत. रुग्णाला बोलता येत नसे, तेव्हा डोळ्यांच्या खुणांनी संवाद चाले. ज्या गटात जवळजवळ ९० टक्के रुग्ण मरत होते, तेथे मृत्युदर उतरत उतरत मूळच्या निम्म्याखाली आला. इब्सेन यांनी पुढच्याच वर्षी, १९५३ च्या डिसेंबरात, कोपनहेगनच्या दुसऱ्या एका रुग्णालयात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. आज ज्याला आपण आयसीयू म्हणतो त्याचा उगम हा असा आहे. व्हेंटिलेटर नावाचे यंत्र म्हणजे त्या विद्यार्थ्यांच्या हातांची जागा घेणारे साधन. हात थकतात म्हणून ते आले.

योगायोग असा की याच १९५२ सालच्या जूनमध्ये अमेरिकेत ‘नर्सिंग रिसर्च’ या नावाचे नियतकालिक सुरू झाले. परिचर्या हे नुसते सेवाकार्य नाही, त्यात शास्त्रशुद्ध संशोधन होऊ शकते व व्हायला हवे, हा विचार त्यामागे होता. तोवर परिचारिकेने डॉक्टरांची आज्ञा पाळावी एवढीच अपेक्षा असे. ‘असे का करावयाचे?’ हा प्रश्न तिने विचारणे उद्धटपणाचे मानले जाई. आपल्याकडेही हा समज पुरता गेला आहे असे म्हणवत नाही.

अतिदक्षता विभागात परिचारिका जी साधी कामे रोज करते, त्यांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा आश्चर्यकारक गोष्टी हाती लागल्या. व्हेंटिलेटरवरील रुग्णाला न्यूमोनिया फार लवकर होतो. बार्सिलोना येथे ८६ रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला सपाट न निजवता डोक्याकडची बाजू ४५ अंश उचलून ठेवली, तर न्यूमोनियाची शंका येण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. खाटेची कळ फिरवायला पैसा लागत नाही. ती फिरवलेली आहे की नाही, हे पाहणारी व्यक्ती तेवढी लागते.

तीच गोष्ट दात घासण्याची. बेशुद्ध रुग्णाचे तोंड स्वच्छ ठेवणे हे परिचारिकेचे अगदी दुर्लक्षित काम. अमेरिकेतील परिचर्या संशोधक सिंडी मनरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याचा रीतसर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा सुरुवातीच्या काळात उपयोग दिसला, ब्रशने दात घासण्याचा दिसला नाही. पुढे अधिक अभ्यास झाले, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थांनी दिलेल्या मार्गदर्शनात पारडे फिरले : दात घासावेत, क्लोरहेक्सिडिन वापरू नये. वाचकांना वाटेल, हा काय गोंधळ? परंतु ज्ञान असेच पुढे सरकते. नंतरचा पुरावा भक्कम असेल तर आधीची रीत सोडून देण्याची तयारी ठेवणे, हेच संशोधनाचे व्रत होय.

पालथे निजवण्याचा इतिहासही असाच आहे. फुप्फुसे गंभीर रीतीने निकामी होतात तेव्हा रुग्णाला पोटावर निजवले तर रक्तातील प्राणवायू वाढतो, असे १९७६ मध्ये पायल व ब्राऊन यांनी पाच रुग्णांवरून नोंदवले. कल्पना साधी, पण नळ्या व वायर लावलेल्या बेशुद्ध माणसाला उलथवणे हे महाकठीण काम. एक नळी निसटली तरी प्राणाशी गाठ. कॅथलीन व्होलमन या अमेरिकन परिचारिकेने रुग्णाला सुरक्षितपणे पालथे करण्यासाठी एक खास चौकट तयार केली आणि तिच्या उपयोगाचा अभ्यास १९९६ मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केला. त्यानंतर बरीच वर्षे या उपायाविषयी मतभेद चालू राहिले. अखेर २०१३ मध्ये प्रामुख्याने फ्रान्समधील ४६६ रुग्णांच्या अभ्यासाने निर्णय दिला. दररोज किमान सोळा तास पालथे ठेवलेल्या रुग्णांत २८ दिवसांतील मृत्युदर १६ टक्के, आणि उताणे ठेवलेल्यांत ३२.८ टक्के. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घरी असलेल्या कोरोना रुग्णांनाही पोटावर निजण्याचा सल्ला सचित्र प्रसिद्ध केला. तो आपल्यापैकी अनेकांच्या भ्रमणध्वनीवर आला असेल. त्या चित्रांमागे ४५ वर्षांची ही वाटचाल होती.

आता ऑक्सिमीटरकडे वळू. पूर्वी रक्तातील प्राणवायू जाणण्याचा मार्ग एकच होता, तो म्हणजे ओठ व नखे निळी पडली का हे पाहणे, किंवा धमनीत सुई घालून रक्त काढणे. निळेपणा डोळ्यांना दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. जपानमधील निहोन कोडेन या कंपनीतील अभियंता ताकुओ आओयागी हे १९७० च्या दशकाच्या आरंभी वेगळ्याच कामात गुंतले होते. कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून हृदयातून दर मिनिटाला किती रक्त वाहते हे ते मोजू पाहत होते, आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्यांच्या आलेखात लाटा उठून मोजमापात व्यत्यय येत होता. तो व्यत्यय दूर करण्याच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आले की या लाटेतच मौल्यवान माहिती दडलेली आहे. ठोक्याबरोबर जे बदलते ते धमनीतील रक्त. तेव्हा तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवून फक्त त्या बदलत्या भागाची तुलना केली, तर सुई न टोचता धमनीतील प्राणवायू कळेल. १९७४ मध्ये त्यांनी हे तत्त्व मांडले. पुढील दहा वर्षांत अमेरिकन कंपन्यांनी त्याचे सुटसुटीत यंत्र केले आणि भूल देताना ते जगभर अनिवार्यच झाले. आओयागी १८ एप्रिल २०२० रोजी निवर्तले. त्याच सुमारास जगातील घराघरांतून त्यांच्या यंत्राची मागणी सुरू झाली होती, आणि मागणाऱ्यांना त्यांचे नावही ठाऊक नव्हते.

यंत्रे आली, पडदे आले, संगणक आले, आणि त्यांच्याबरोबर आला आवाज. अतिदक्षता विभागात ज्यांनी आपल्या माणसासाठी रात्र काढली असेल त्यांना तो अखंड टीं-टीं आवाज परिचित असेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील परिचर्या संशोधक बार्बरा ड्रू यांनी या आवाजांचीच मोजणी केली. त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच अतिदक्षता विभाग, ४६१ रुग्ण, ३१ दिवस. आणि इशाऱ्यांची संख्या २५ लाखांहून अधिक! त्यांपैकी हृदयगतीच्या बारा हजारांवर इशाऱ्यांची एकेक करून तपासणी केली, तेव्हा सुमारे ८९ टक्के खोटे निघाले. ‘लांडगा आला रे आला’ ही कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. दिवसाला हजारो वेळा खोटे ओरडणाऱ्या यंत्राकडे खऱ्या वेळी दुर्लक्ष झाले तर दोष कोणाचा? परिचारिकेला बोल लावणे सोपे आहे. लिंडा एकन या परिचारिका-संशोधिकेने २००२ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांच्या नोंदींवरून दाखवले की एका परिचारिकेकडे सोपवलेल्या रुग्णांत एकाची भर पडली की शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. आपल्याकडील सार्वजनिक रुग्णालयांत एका सिस्टरकडे किती खाटा असतात, हे वाचक जाणतातच.

दूरसंपर्काच्या साधनांचीही कसोटी झाली. फुप्फुसाच्या जुनाट विकाराच्या रुग्णाने घरी रोज ऑक्सिमीटर लावावा, लक्षणे पडद्यावर नोंदवावीत आणि दूरवरच्या वैद्यकीय पथकाने ती पाहावीत, म्हणजे रुग्णालयात जाण्याची वेळ कमी येईल, असे सर्वांना वाटत होते. स्कॉटलंडमध्ये २५६ रुग्णांवर याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१३ मध्ये आले. रुग्णालयात दाखल होईपर्यंत गेलेले सरासरी दिवस असे : यंत्र असलेल्या गटात ३६२, नसलेल्या गटात ३६१. फरक एका दिवसाचा! मात्र हे नीट समजून घेतले पाहिजे. दोन्ही गटांना मिळणारी वैद्यकीय सेवा सारखीच चांगली होती. तिच्यावर यंत्राची भर घातली तेव्हा विशेष काही वाढले नाही. जेथे अशी सेवाच पोचत नाही तेथे काय होईल, याचे उत्तर त्या अभ्यासात नाही.

या प्रश्नाचे काहीसे उत्तर महाराष्ट्राने दिले असे मला वाटते. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यात राबवण्यात आली. आशा कार्यकर्त्या आणि स्वयंसेवक तापमापक व ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरले. ज्या गावात कधी डॉक्टर राहिला नाही, तेथील ओसरीवर बसलेल्या आजीच्या बोटाला आओयागींचे यंत्र लागले. कोरोनात काही रुग्णांना धाप न लागताच प्राणवायू धोकादायक पातळीला उतरत असे. अशा वेळी सहा मिनिटे चालवून पुन्हा आकडा पाहण्याची चाचणीही राज्याच्या आरोग्य विभागाने लोकांना शिकवली.

त्यातही नंदुरबारचे उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. सातपुड्याच्या कुशीतील हा आदिवासीबहुल जिल्हा. तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः वैद्यक शिकलेले. दुसरी लाट येण्यापूर्वीच त्यांनी जिल्ह्यात हवेतून प्राणवायू तयार करणारे प्रकल्प उभे केले, याची देशभर वाहवा झाली. त्याच जिल्ह्यात ‘ऑक्सिजन नर्स’ हे नवे पद निर्माण झाले, त्याची वाहवा तुलनेने कमी झाली. या परिचारिकेकडे काम एकच होते : ठराविक खाटांवरील रुग्णांची प्राणवायू पातळी ठराविक वेळाने पाहायची, गरजेहून अधिक प्रवाह चालू असेल तर तो कमी करायचा, गरज वाढली असेल तर वाढवायचा, वाया जाणारा वायू थांबवायचा. एप्रिल २०२१ मध्ये देशात प्राणवायूसाठी हाहाकार उडाला असता ही पद्धत राज्यात इतरत्रही राबवण्याचे शासनाने ठरवले. प्रकल्पाला यंत्रसामग्री लागते. येथे एक ऑक्सिमीटर, एक नोंदतक्ता आणि प्रवाहाच्या खुंटीवर हात ठेवणारी जाणती व्यक्ती एवढेच भांडवल होते. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांशी तिचे नाते जवळचे वाटते.

येथे एका अप्रिय गोष्टीकडे लक्ष वेधणे भाग आहे. ऑक्सिमीटर प्रकाशाने मोजतो आणि तो प्रकाश त्वचेतून जातो. गडद त्वचेत हे यंत्र प्राणवायू आहे त्याहून अधिक दाखवू शकते, असा इशारा १९९० च्या सुमारासच मिळाला होता. पण त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने तो पुन्हा ठळक केला. यंत्रावर ९२ ते ९६ असा समाधानकारक आकडा असूनही धमनीतील प्रत्यक्ष पातळी ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण गौरवर्णीयांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के निघाले. अमेरिकेच्या नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये सावधगिरीची सूचना काढली आणि जानेवारी २०२५ मध्ये अशा यंत्रांची चाचणी विविध वर्णांच्या व्यक्तींवर व्हावी यासाठी नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. आपण भारतीय बहुतांशी सावळे लोक. आपल्या हातातील यंत्रे ज्यांच्या बोटांवर तपासून तयार झाली, त्यांत आपल्यासारखी बोटे किती होती, हा प्रश्न विचारणे गैर ठरणार नाही. नखांवरील मेंदी किंवा रंग, गार पडलेले हात, हलणारे बोट यांनीही आकडा फसवा येतो. म्हणून आकडा चांगला आणि माणूस मात्र धापा टाकतो आहे, असे दिसले तर माणसावर विश्वास ठेवावा. एका मिनिटात श्वास किती, हे मोजायला घड्याळ पुरते.

कॉन्सन्ट्रेटरविषयीही थोडे सांगितले पाहिजे. खोलीतील हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. हे यंत्र झिओलाइट नावाच्या खनिजाच्या कणांत नायट्रोजन अडकवून जवळपास ९० टक्के किंवा त्याहून शुद्ध प्राणवायू देते. फुप्फुसाच्या जुनाट विकाराने रक्तातील प्राणवायू कायमचा उतरलेल्या रुग्णांना तो रोज किमान पंधरा तास दिला तर आयुष्य वाढते, हे ब्रिटनमधील ८७ रुग्णांच्या अभ्यासाने १९८१ मध्ये सिद्ध केले. पाच वर्षांच्या काळात प्राणवायू न मिळालेल्या ४५ पैकी ३० जण वारले. मिळालेल्या ४२ पैकी १९. म्हणजे दिवसात दोन तास ‘बरे वाटावे म्हणून’ लावणे हा उपचार होत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. प्राणवायू अधिक दिला की अधिक चांगले, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे, आणि ती जीवघेणी ठरू शकते. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर रुग्णवाहिकेतील ४०५ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. भरपूर प्राणवायू दिलेल्यांत ९ टक्के दगावले. पातळी ८८ ते ९२ च्या दरम्यान राखून मोजूनमापून दिलेल्यांत ४ टक्के. अशा काही रुग्णांत अतिरिक्त प्राणवायूमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, म्हणजे इब्सेन यांनी ओळखलेला तोच शत्रू. ऑक्सिमीटर तो मुळीच दाखवत नाही. आकडा ९९ येतो, घरचे आनंदतात, आणि रुग्ण गुंगीत जातो. ब्रिटनमध्ये परिचारिका वापरतात त्या इशारा-तक्त्यात २०१७ पासून अशा रुग्णांसाठी ८८ ते ९२ ची वेगळी पट्टी छापलेली आहे. कोणत्या रुग्णाला कोणती पट्टी, हे मात्र त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

आपल्या साहित्य केंद्रांच्या नोंदवहीत कॉन्सन्ट्रेटर देताना रुग्णाचे नाव, पत्ता, अनामत रक्कम आणि परतीची तारीख लिहिली जाते. त्याच ओळीत आणखी तीन रकाने आखण्यासारखे आहेत : डॉक्टरांनी सांगितलेला प्रवाह किती लिटर, दिवसाचे तास किती, आणि प्राणवायूची पातळी कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये ठेवावयाची. हे तीन आकडे औषधचिठ्ठीवर नसतील, तर यंत्र गाडीत चढवण्याआधी डॉक्टरांना दूरध्वनी करून ते विचारून घ्यावेत. समाजात निवृत्त परिचारिका आहेत. आठवड्यातून एक दिवस त्यांनी केंद्रात बसून घरच्या मंडळींना श्वास कसा मोजावा, तो कोणत्या आकड्यावर गेला की रुग्णालय गाठावे, एवढे शिकवले तरी पुरे. खर्च एका सेकंदकाट्याच्या घड्याळाचा.